कुतूहल : जुन्या स्पीकरचा डग्गा कुठे गेला?

ठाण्याचं मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रोड, काही घरांच्या हॉलमध्ये कमरेएवढे जुने स्पीकर अजून उभे दिसतात. गाणं लावलं की गळा स्वच्छ ऐकू येतो, पण डग्ग्याची घुमक नाहीशी झालेली असते. का?

आधी वायरी बघा. खर्जाचा आवाज म्हणजे मोठ्या पडद्याने पुढे-मागे ढकललेली हवा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट जोडली, की एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. एकाच दाराला दोघांनी दोन बाजूंनी रेटावं, तसं. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते. त्यापुढे दोन स्पीकरमधलं अंतर किरकोळ, म्हणून खर्ज जवळजवळ पुसला जातो. वरच्या सुरांच्या लहरी काही सेंटिमीटरच्या, त्या बऱ्याच तगतात. अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि दोन्हींच्या मधोमध बसून ऐका.

खर्ज वाढला नाही, तर वायरी पूर्ववत करा आणि जाळी काढा. अनेक जुन्या स्पीकरांत पडद्याभोवतीचं कडं पॉलियुरेथेन फोमचं असतं. हवेतली आर्द्रता त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. आपल्या दमट हवेत ते आणखी लवकर भुगा होतं. मग फटीतून हवा निसटते, पडदाही नीट हलत नाही. मात्र फक्त कडं बदलून घेता येतं.

कडं शाबूत असेल, तर स्पीकर भिंतीजवळ सरकवा, खर्ज वाढतो.