बीएडनंतरचा 'ब्रिज कोर्स' कुणासाठी?

बीएडची पदवी हाती पडताच अनेक नवशिक्षक पुढील अभ्यासक्रमांची चौकशी सुरू करतात. त्यात गोंधळ होतो तो सहा महिन्यांच्या 'ब्रिज कोर्स'विषयी.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २८ जून २०१८ रोजी अधिसूचना काढून बीएडधारकांना पहिली ते पाचवीचे वर्ग खुले केले. नियुक्तीनंतर दोन वर्षांत हा कोर्स पूर्ण करण्याची अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्या निकालावर शिक्कामोर्तब केले. लहान मुलांना शिकवण्याचे तंत्र वेगळे असून बीएडमध्ये त्याचे प्रशिक्षण मिळत नाही, हे त्यामागील कारण. निकालापूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांना एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने अटींसह संरक्षण दिले. ब्रिज कोर्स आहे तो त्यांच्यासाठी.

नव्या बीएडधारकाला त्यामुळे प्राथमिक वर्गांची पात्रता मिळत नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचे असल्यास दोन वर्षांची डीएलएड पदविका आणि 'टीईटी'चा पहिला पेपर हा एक मार्ग. सहावी ते आठवीसाठी बीएड चालते. मात्र दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावे लागते. त्यासाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला १५० पैकी ९० गुण आवश्यक असतात. अकरावी-बारावीसाठी बीएडसोबत संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी हवी.

तेव्हा कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्याला कोणत्या इयत्तेला शिकवायचे आहे, हे निश्चित करावे. अन्यथा प्रमाणपत्र हाती येईल. नोकरीसाठी मात्र त्याचा उपयोग होणार नाही.