विश्लेषण : विकेट वाचल्या नाहीत, चेंडूही शिल्लक राहिले! बेनोनीच्या पराभवातून बीडच्या पोरांनी काय शिकावे?

दिंद्रुड (ता. माजलगाव) : बीड जिल्ह्यातील गावोगावच्या मैदानांवर सचिन धस हे नाव २०२४ च्या फेब्रुवारीत पोहोचले. बीडचा हा फलंदाज १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताकडून खेळला. तो सामना भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७९ धावांनी गमावला आणि सचिन अवघ्या ९ धावा करून बाद झाला. ‘मोठ्या सामन्यात पोरगा दडपणाखाली आला’ असा शेरा तेव्हा सहज मारला गेला. धावफलक नीट वाचला तर मात्र हे दडपण आले कुठून, याचे वेगळेच उत्तर मिळते.

अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

११ फेब्रुवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेतील बेनोनीचे विलोमूर पार्क मैदान. ऑस्ट्रेलियाने प्रथम फलंदाजी करून ५० षटकांत ७ बाद २५३ धावा केल्या. हरजस सिंगने ५५ धावा काढल्या, तर भारताच्या राज लिंबानीने ३८ धावांत तीन बळी घेतले. भारतासमोर २५४ धावांचे लक्ष्य होते, म्हणजे षटकाला पाचच्या थोडे वर. तोपर्यंत स्पर्धेतील एकही सामना न गमावलेल्या संघासाठी हे आव्हान अवघड असले तरी आवाक्याबाहेरचे नव्हते.

प्रत्यक्षात भारताचा डाव ४३.५ षटकांत १७४ धावांवर आटोपला. वेगवान गोलंदाज माहली बिअर्डमनने सात षटकांत केवळ १५ धावा देऊन तिघांना बाद केले आणि सामनावीराचा मान मिळवला. ऑफस्पिनर राफ मॅकमिलननेही तीन बळी टिपले.

पाठलाग कुठे अडकला?

सलामीवीर आदर्श सिंगने ४७ धावांसाठी ७७ चेंडू घेतले. मुशीर खानने ३३ चेंडूंत २२, तर कर्णधार उदय सहारनने १८ चेंडूंत ८ धावा केल्या. या तिघांची बेरीज १२८ चेंडूंत ७७ धावा अशी होते. लक्ष्याच्या गतीने तेवढ्या चेंडूंत साधारण १०८ धावा व्हायला हव्या होत्या. म्हणजे ३१ धावांची तूट इथेच पडली.

या संथ खेळाने विकेट वाचल्या असत्या तर ती तूट पुढे भरून काढता आली असती. पण तेही झाले नाही. तेराव्या षटकात धावसंख्या २ बाद ४० होती, सतराव्या षटकात ३ बाद ५५. सर्व गडी बाद झाले तेव्हा ३७ चेंडू शिल्लक होते. सावध खेळण्याचा हेतू विकेट राखून शेवटपर्यंत टिकण्याचा असतो. इथे धावाही झाल्या नाहीत आणि विकेटही राहिल्या नाहीत.

सचिनच्या वाट्याला काय आले?

तो मैदानात उतरला तेव्हा सुमारे ३४ षटकांत १९९ धावा हव्या होत्या. अपेक्षित धावगती सहाच्या जवळ गेली होती. त्याने ८ चेंडूंत ९ धावा केल्या आणि विसाव्या षटकात ६८ धावांवर तो चौथा गडी म्हणून परतला. आधीच्या फलंदाजांनी खेळून काढलेल्या निर्धाव चेंडूंचा हिशेब असा मागून येणाऱ्याला चुकवावा लागतो.

याच सचिनने २ फेब्रुवारीला, १९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नेपाळविरुद्ध ११६ धावा केल्या होत्या. चारच दिवसांनी उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. तिथून सचिन आणि सहारन यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. सहारनने १२४ चेंडूंत ८१ धावा करत एक बाजू लावून धरली, पण समोर सचिनने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या. एक जण टिकला, दुसरा धावा करत राहिला. अंतिम सामन्यात अशी जोडी जमलीच नाही.

मग दोष घाईचा की सावधपणाचा?

सामन्यानंतर कर्णधार सहारनने आपल्या काही फलंदाजांनी घाईचे फटके मारले, खेळपट्टीवर पुरेसा वेळ घालवला नाही, अशी कबुली दिली. ते चुकीचे नाही. पण ती घाई आली कशामुळे, हेही पाहायला हवे. एकेरी धाव निघत नाही, धावगती चढत जाते आणि मग फलंदाज न मारण्याजोगा चेंडू मारायला जातो. अतिसावध खेळ आणि घाईचा फटका बहुधा एकाच साखळीचे दोन दुवे असतात.

याचे सर्वपरिचित उदाहरण आधीच्याच मोसमातले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात भारताच्या वरिष्ठ संघाने पहिल्या १० षटकांत ८० धावा केल्या. त्यानंतर सलग ९७ चेंडू एकही चौकार गेला नाही. डाव २४० वर संपला आणि ऑस्ट्रेलियाने सात षटके राखून विश्वचषक नेला.

प्रशिक्षकांना जबाबदार धरावे का?

बेनोनीतील संघाचे प्रशिक्षक होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर. १८ जानेवारी १९९८ रोजी ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध ३१५ धावांच्या पाठलागात, शेवटून दुसऱ्या चेंडूवर सकलेन मुश्ताकला चौकार मारून सामना जिंकून देणारे ते हेच. अशा माणसाला भित्रा म्हणणे अवघडच. संघ सावध होतो तो केवळ प्रशिक्षकाच्या स्वभावामुळे नव्हे. अंतिम सामना, आधी न अनुभवलेला पराभव आणि समोर शिस्तीत टाकणारे वेगवान गोलंदाज एकत्र आले की ‘आधी विकेट सांभाळू’ हा विचार आपोआप वरचढ ठरतो.

इतर खेळांतही असे होते का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची चढाई क्वार्टरबॅक या खेळाडूभोवती फिरते. चेंडू कोणाकडे फेकायचा, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोल अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे हरवले. मध्यंतरालाच गुणफलक २४-० होता. चीफ्सचा नावाजलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स चेंडू फेकण्याआधीच सहा वेळा पाडला गेला. नाव त्याचे खराब झाले, पण संरक्षणाची भिंत कोसळली ती त्याच्या पुढची. मधल्या फळीतील फलंदाजाचेही तसेच असते.

म्हणजे सरसकट हाणामारी करायची का?

नाही. २१ डिसेंबर २०२५ रोजी दुबईत १९ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या ३४७ धावांसमोर भारताचा डाव २६.२ षटकांतच १५६ धावांत गुंडाळला गेला. त्या दिवशी पराभव १९१ धावांचा होता आणि संथ फलंदाजीला दोष देण्याची सोय नव्हती. पुढच्याच फेब्रुवारीत हरारे येथे याच वयोगटाच्या भारतीय संघाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ४११ धावा करून इंग्लंडला १०० धावांनी नमवले. म्हणजे आक्रमण कधी फळते, कधी अंगलट येते. त्यावर खात्रीचा उपाय नसला, तरी दडपण मागच्यावर न ढकलण्याची सवय लावता येते.

गावच्या मैदानासाठी धडा कोणता?

दिंद्रुडसारख्या गावांत क्रिकेट बहुधा टेनिस चेंडूवरच होते. षटके मोजकी, त्यामुळे प्रत्येक चेंडू उचलून मारायची सवय लागते. हाच मुलगा सीझन बॉलवर खेळायला लागला की त्याला ‘आउट होऊ नकोस’ एवढेच बजावले जाते. निवड चाचणीची संधी वर्षातून एखादी, त्यामुळे ही भीती आणखी खोल जाते. या दोन टोकांच्या मध्ये एकेरी धावेचे क्रिकेट आहे आणि ते फारसे कोणी शिकवत नाही.

त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. सरावाच्या सामन्यात धावांसोबत प्रत्येक फलंदाजाचे निर्धाव चेंडूही वहीत लिहावेत. सलग चार चेंडू निर्धाव गेले की पाचव्यावर एकेरी धाव काढायचीच, असा नियम लावावा. आणि बाद झालेल्या मुलाला ‘कसा आउट झालास’ हे विचारण्याआधी, तो आत गेला तेव्हा षटकामागे किती धावा हव्या होत्या, हे पाहावे. बेनोनीत सचिन धसच्या नावापुढे ९ धावा लागल्या. त्या कोणत्या परिस्थितीत झाल्या, हे मात्र धावफलकात त्याच्या आधीच्या ओळींमध्ये लिहिलेले आहे.