विद्यापीठ परिसरातील लसीकरण : पहिल्या मात्रेनंतरचे काम

आपल्या रुग्णालयाचा लसीकरण विभाग म्हणजे तान्ह्या बाळांचा विभाग, अशीच त्याची ओळख आजवर राहिली आहे. बाळाचे कार्ड भरले, पाचव्या वर्षाचे बूस्टर झाले की पालक निश्चिंत होतात आणि आपणही. अठरा ते बावीस या वयातील विद्यार्थी मात्र कोणाच्याच यादीत नसतो. या वयोगटासाठी विद्यापीठाच्या आवारात जाऊन लसीकरण सेवा देण्याचा उपक्रम आपण हाती घेतला. त्यामागील कारणे आणि त्यात झालेली आपली चूक, या दोन्ही गोष्टी देणगीदार व हितचिंतकांपुढे ठेवणे उचित वाटते.

प्रथम कारणाविषयी. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस शासकीय कार्यक्रमात २००२-०३ मध्ये निवडक ठिकाणी सुरू झाली व २०११ मध्ये देशभर लागू झाली. त्यामुळे आज वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींपैकी कोणाला ती मिळाली आणि कोणाला नाही, हे केवळ वयावरून सांगता येत नाही. कार्ड विचारावे तर ते गावी आईच्या पेटीत असते, किंवा नसतेच. सोळाव्या वर्षी घ्यावयाची धनुर्वात व घटसर्पाची मात्रा दहावी-बारावीच्या धांदलीत अनेकांची राहून जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस तर पुष्कळ घरांत ऐकलेलीही नसते. वास्तविक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली स्वदेशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

पहिल्या वर्षी आपण प्रचारात कोणतीही कसूर केली नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, वसतिगृहांतील फलक, ग्रंथालयाबाहेर मांडलेले टेबल, सर्व काही झाले. रांग लागली. त्या रांगेचे छायाचित्र आपण कौतुकाने छापलेही. महिन्याने दुसऱ्या मात्रेला रांग आखूड झाली आणि तिसऱ्या मात्रेच्या दिवशी आमच्या परिचारिका शीतपेटी घेऊन जवळजवळ रिकाम्या सभागृहात बसून राहिल्या. शिबिर डिसेंबरात सुरू केल्यामुळे सहा महिन्यांनंतरची तारीख जूनमध्ये, म्हणजे ऐन सुटीत आली होती. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली मात्रा टोचली की ती जमेची बाजू झाली, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी आपल्या नावावर दोन मात्रांचे देणे चढलेले असते.

हे देणे किती खरे आहे, हे एका प्रसंगाने दाखवून दिले. आपल्या शिबिरात एकच मात्रा घेतलेल्या परिचर्या अभ्यासक्रमाच्या एका विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकाच्या वेळी वापरलेली सुई टोचली. ज्या रुग्णाची ती सुई, तो हिपॅटायटिस बीने बाधित होता. “मी लस घेतली आहे,” असे ती आत्मविश्वासाने सांगत होती. तीन मात्रा पूर्ण झाल्यास निरोगी तरुणांपैकी दहात नऊहून अधिक जणांना संरक्षण लाभते. एका मात्रेवर मात्र विसंबता येत नाही. अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते लसीच्या कितीतरी पट महाग असते. ते मिळाले, सोबत लसही दिली गेली. पुढे सहा महिने तपासण्या चालल्या व सुदैवाने सर्व निर्दोष आल्या. ते सहा महिने त्या मुलीने कसे काढले असतील, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

यानंतर आपण वेळापत्रक रुग्णालयाच्या सोयीने न आखता विद्यापीठाच्या वेळापत्रकावर बसविले. पहिली मात्रा ऑगस्टच्या आरंभी, दुसरी सप्टेंबरात, तिसरी फेब्रुवारीत; म्हणजे दिवाळीची सुटी मध्ये येते, परंतु एकही मात्रा तीत अडकत नाही. पंधरा वर्षांनंतर सुरू केलेल्या एचपीव्ही लसीच्या तीन मात्रा आरंभी, दोन महिन्यांनी व सहा महिन्यांनी असतात. तिची दुसरी फेरी परीक्षेपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उरकता येते. नोंदणीच्या वेळीच तिन्ही तारखा कार्डावर लिहून दिल्या जातात आणि आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश जातो. ही सवय या पिढीला नवी नाही. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा दुसऱ्या मात्रेची तारीख त्यांनी मोबाइलवरच पाहिली होती.

प्रचाराचा मजकूरही बदलला. ‘लस घ्या’ या आवाहनापेक्षा ‘तुमची मात्रा चुकली असली तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही, राहिलेली तेवढी घ्या’ हे वाक्य अधिक उपयोगी ठरले. उशीर झाला म्हणून संकोचाने न येणारे विद्यार्थी त्यामुळे आले. एचपीव्हीबाबत मुली मोठ्या सभेत काहीच विचारीत नाहीत. वसतिगृहात संध्याकाळी महिला डॉक्टर दहा-बारा जणींत बसल्या की प्रश्न संपत नाहीत. “लग्नाआधी कशाला?” हा त्यांतला हमखास प्रश्न. संसर्गाचा संबंध येण्यापूर्वी घेतली तरच लसीचा पूर्ण लाभ मिळतो, हे एकदा समजले की आईला समजावण्याचे काम त्या स्वतःच करतात.

व्यवस्थेच्या काही बाबी बाहेरून दिसत नाहीत. या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. उष्णतेची काळजी सर्वच घेतात, परंतु हिपॅटायटिस बी, एचपीव्ही व धनुर्वाताची लस गोठली तरी निकामी होते, म्हणून शीतपेटीत थेट कडक बर्फ चालत नाही. तरुणांना टोचल्यावर चक्कर येण्याचे प्रमाण लहान मुलांपेक्षा अधिक असते, आणि धडधाकट खेळाडूही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा बसवूनच टोचणे व नंतर अर्धा तास थांबविणे आपण सक्तीचे केले आहे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी पालकांची लेखी संमती घेतली जाते.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे. फेब्रुवारीची फेरी चुकली तर परीक्षेनंतर ते नोकरीनिमित्त कोठे जातील, हे सांगता येत नाही. अशांना लसीचे नाव, मात्रा व तारीख नोंदलेले कार्ड देऊन, उरलेली मात्रा कोणत्याही रुग्णालयात घेण्यास सांगितले जाते. आपल्याकडे परत येणाऱ्यांना ती विनामूल्य देता यावी, यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद करण्याची विनंती विश्वस्त मंडळास केली आहे.