संकेतस्थळ घडवणाऱ्यांची खुली शाळा

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचे. ते रोज लोकलमध्ये उभ्याने कापणाऱ्या आईवडिलांना आपल्या मुलाने घरी बसून संगणकावर काम करावे असे वाटले तर नवल नाही. मग 'वेबसाइट बनवायला शिका' अशी जाहिरात दिसते आणि फी भरायची तयारी सुरू होते. ती भरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विद्येची मूळ पोथी कधीच कुलूपबंद नव्हती.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही मूल्य न घेता जगाला खुले केले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हापासून शिकण्याची साधनेही वाढत गेली.

अगदी नवख्याने 'डब्ल्यू थ्री स्कूल्स'पासून आरंभ करावा. तेथे छोटी उदाहरणे जागीच बदलून पाहता येतात. 'फ्री कोड कॅम्प'वर क्रमवार अभ्यास आणि सराव आहे. थोडी गती आली की मोझिलाच्या 'एमडीएन'कडे वळावे. अनुभवी मंडळीही अडले की तेच उघडतात. लिहिलेल्या पानातल्या चुका 'डब्ल्यू थ्री सी'चा तपासनीस दाखवतो, आणि तयार पान 'गिटहब'वर विनामूल्य ठेवता येते.

मराठी पानाची गोष्ट मात्र थोडी निराळी. एकेकाळी मराठी वृत्तपत्र वाचायचे तर त्याचा स्वतंत्र फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी! युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक दिला आणि मराठी मजकूर शोधण्याजोगा झाला. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त' किंवा 'बलू' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. पानाची भाषा मराठी असल्याची खूण सुरुवातीलाच करावी. तसे केल्यास काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही भाषा कळते. जोडाक्षरेही तपासावीत. आमंत्रणात 'आचार्यांना' लिहायचे आणि 'आचाऱ्यांना' उमटायचे, तर व्याख्यानाऐवजी पंगत बसायची!

आज कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात पान लिहून देते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण गणकयंत्र आले म्हणून पाढ्यांची गरज संपली नाही. दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यापुरते तरी ज्ञान स्वतःचे हवे.

आणि सरावाला विषय शोधत दूर जायला नको. वसईची सुकेळी, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, सामवेदी बोलीतले शब्द, गल्लीतल्या शिंप्याचे दुकान, यांपैकी कशावरही पान करता येईल. आजीकडून ऐकलेले पन्नास शब्द नातवाने नीट मांडले, तर त्याचा हात बसेल आणि शब्दही टिकतील. फी भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे.