वस्सकार आपल्या वस्तीतही येतो : छुपा शत्रू ओळखायचा कसा?

जो तोंडावर जातीवरून बोलतो, मिरवणुकीचा रस्ता अडवतो, पंचशील ध्वज काढायला लावतो, त्याच्याशी कसे लढायचे हे आपला समाज तीन पिढ्यांत शिकला. निवेदन, मोर्चा, पोलीस ठाणे, कोर्ट. हा शत्रू समोर असतो, त्याचे नाव-गाव माहीत असते. अडचण होते ती आपल्याच सतरंजीवर बसून, आपल्याच ताटात जेवून आणि आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात 'जय भीम' म्हणून जो आतून पोखरतो, त्याची. रामटेक तालुक्यात युवकांसोबत काम करताना आम्ही जी मंडळे बंद पडताना पाहिली, ती बाहेरच्या मारामुळे क्वचितच बंद पडली. बहुतेक वेळा सुरुवात एका वाक्याने झाली : "तुले म्हणून सांगून राह्यलो, कोणाले सांगजो नोको."

हे वाक्य नवीन नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी वैशालीत एका माणसाने तेच केले आणि एक अख्खे गणराज्य बुडवले.

महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवात अनेकांना माहीत आहे. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करायला निघाला होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गिज्झकूट पर्वतावर भगवान बुद्धांकडे पाठवले. बुद्धांनी त्याला थेट उत्तर दिले नाही. ते आनंदाला विचारत राहिले : वज्जी वारंवार सभा भरवतात ना? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात ना? वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात, स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना? अशा सात गोष्टी. आपण हा भाग 'एकीचे सात नियम' म्हणून भाषणात सांगतो आणि पुढे जातो. पण वस्सकार तिथून काय शिकून गेला, ते बघा. तो म्हणाला की हे लोक युद्धाने हरणार नाहीत. त्यांना फोडावे लागेल.

पुढची गोष्ट सुत्तात नाही, ती बुद्धघोषांच्या अट्ठकथेत आहे. ठरल्याप्रमाणे वस्सकाराने मगधाच्या दरबारात वज्जींची बाजू घेतली. राजाने खोटा राग दाखवला, त्याचे मुंडन करून त्याला हाकलून दिले. तो गंगेकडे निघाला. त्याला नदी ओलांडू देऊ नका, असे काही लिच्छवी म्हणाले. पण बाकीचे म्हणाले, आपली बाजू घेतली म्हणून त्याला शिक्षा झाली, तो आपलाच माणूस आहे. त्याला न्यायदानाचे पद मिळाले, राजपुत्रांना शिकवायचे कामही मिळाले.

मग तो एकेका लिच्छवीला बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "लोक शेत नांगरतात का?" "हो." "दोन बैल जुंपून?" "हो." झाले, एवढेच. दुसऱ्याने विचारले की आचार्य काय म्हणाले, तर हा खरे तेच सांगायचा. पण ऐकणाऱ्याला ते पटायचे नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी बाजूला घेते का? हा काहीतरी लपवतो आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला : "आज कोणते कालवण खाल्ले?" पुरेसा संशय मुरला, तेव्हा त्याने खोटे सुरू केले. एकाला म्हणाला, "तू फार गरीब आहेस म्हणे." "कोण म्हणाले?" "अमका." दुसऱ्याला म्हणाला, "तू भित्रा आहेस म्हणे." तीन वर्षांत अशी वेळ आली की दोन लिच्छवी एका वाटेने जाईनात. सभेचा नगारा वाजला, कोणी जमले नाही. जे शूर आहेत, श्रीमंत आहेत, त्यांनी जमावे, आमचे काय काम, असे म्हणून सगळे घरी बसले. अजातशत्रू उघड्या दरवाजातून आत आला.

कार्यकर्त्यांनी या गोष्टीत दोन जागा नीट पाहाव्यात. पहिली, वस्सकार पीडित म्हणून आला. जखम खरी होती, डोके खरोखर भादरलेले होते. आपल्यातही असेच होते. "मी समाजासाठी मार खाल्ला" असे सांगणाऱ्यावर आपण लगेच विश्वास टाकतो आणि दुसऱ्या महिन्यात चंद्याची पेटी त्याच्या हाती देतो. मार खाल्ल्याबद्दल मान द्यावा. पेटी वेगळ्या कसोटीवर द्यावी. दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे. वस्सकाराने पहिल्या टप्प्यात एक शब्दही खोटा सांगितला नाही. त्याने फक्त लोकांना बाजूला घेतले, संशयाचे काम लिच्छवींनी स्वतःच केले. तीन वर्षांत एकाही लिच्छवीने दुसऱ्याला समोर उभे करून विचारले नाही की बाबा, तू मला भित्रा म्हणालास का?

आता घरचे उदाहरण. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात झाली आणि काही वर्षांतच गट पडले. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे असे चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले. लोकांनी एकीला मत दिले होते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंतही ती एकी टिकली नाही. यामागे कोणी एक वस्सकार होता, असे आम्ही म्हणत नाही. अहंकार होते, जागावाटप होते. पण मोठ्या पक्षांना प्रत्येक गटाशी वेगळे बोलणे सोयीचे असते, आणि आपले नेते वेगळे बोलायला तयार असतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

रामटेक लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. निवडणूक आली की अनोळखी 'शुभचिंतक' गावात वाढतात. एका मंडळाच्या अध्यक्षाला बाजूला घेतले जाते, मग सचिवाला. बौद्धाला सांगायचे की ते दुसऱ्या जातीचे लोक तुम्हाला मोजत नाहीत, आणि तिकडे जाऊन उलटे सांगायचे. मनसरच्या टेकडीवरचा वारसा सांगताना आपण सगळे एका सुरात बोलतो, आणि खाली वस्तीत एका विहाराच्या दोन समित्या, १४ एप्रिलला दोन मिरवणुका!

मग अशा माणसाला ओळखायचे कसे? सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मित्राच्या वेषातले चार अमित्र सांगितले आहेत. नुसता घेणारा, नुसता बोलणारा, गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. शेवटचा सर्वांना कळतो. दारूच्या आणि जुगाराच्या अड्ड्यावर नेणारा भाऊ घरचेही ओळखतात. घेणाराही चार महिन्यांत उघडा पडतो. फसवतात ते मधले दोन. नुसता बोलणारा काल तुमच्यासाठी काय केले ते सांगतो, उद्या काय करेन ते सांगतो, आणि आज काम पडले की त्याची स्वतःचीच अडचण निघते. "साहेबांशी बोललो आहे, तुझी ऑर्डर निघाल्यातच जमा आहे" असे सांगून बेरोजगार पोरांकडून पन्नास हजार घेणारा याच जातकुळीचा. त्याला आजची तारीख टाकून पावती मागा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा, लाजेपायी आठवडा घालवू नका. गोड बोलणारा तुमच्या चुकीलाही 'बरोबर' म्हणतो, तोंडावर स्तुती आणि पाठीमागे निंदा करतो. मुलींच्या बाबतीत तो आणखी एक पाऊल टाकतो : "तुझ्या मैत्रिणी तुझ्यावर जळतात, घरचे तुला समजत नाहीत, मीच एक आहे." जो तुम्हाला माणसांपासून तोडून एकटे पाडतो, तो कितीही प्रेमाने बोलो, ताईंनो, तो वस्सकाराचेच काम करतो.

त्याच सुत्तात खऱ्या मित्राची एक खूण आहे, ती आम्हाला फार उपयोगी वाटते. तुमची निंदा करणाऱ्याला तो थांबवतो. कोणी तुमच्याजवळ तिसऱ्याची चुगली करत असेल, तर तो तिसऱ्याजवळ तुमचीही करणार, एवढा हिशोब सोपा आहे.

ओळखले, आता करायचे काय? इथे आपली पोरे हमखास दुसऱ्या टोकाला जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गद्दार', 'विकला गेला', 'दलाल' सुरू होते. हे शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालेत. पुरावा नसताना कोणालाही गद्दार ठरवता येत असेल, तर छुप्या शत्रूला वेगळे काही करायचीच गरज उरत नाही. तो सर्वात आधी सर्वात प्रामाणिक माणसाकडे बोट दाखवेल.

संघात हे प्रत्यक्ष घडले होते. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्ताची कथा आहे. भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था त्याच्याकडे होती. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाला एके दिवशी हलके जेवण मिळाले. दोष दब्बाचा नव्हता, पण त्यांनी राग धरला आणि एका भिक्खुणीकरवी त्याच्यावर शीलभंगाचा खोटा आरोप करवला. बुद्धांनी दब्बाला एकांतात बोलावले नाही. संघ जमवला, सर्वांसमोर विचारले आणि दब्बाने सर्वांसमोर नकार दिला. तेवढ्यावर न थांबता बुद्धांनी आरोपाच्या मागे असलेल्यांची चौकशी करायला लावली. तेव्हा त्यांनी खोटेपणा कबूल केला. वैशालीत जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो इथे भर सभेत विचारला गेला.

म्हणून आम्ही मंडळांना एक साधा नियम सुचवतो. कोणाबद्दल कानात काही आले, तर सांगणाऱ्याला म्हणायचे, "चल, त्याच्यासमोर बोलू." खरे असेल तर तो येईल. जीव धोक्यात असेल किंवा मुलीची तक्रार असेल, तेवढा अपवाद. तिथे चारचौघांत चर्चा करायची नाही, विश्वासातल्या ताईंना सोबत घेऊन सरळ कायद्याकडे जायचे. बाकी सगळे बैठकीत. हिशोब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर, बँकेत दोन सह्या, इतिवृत्त वाचून दाखवलेले. उजेडात चालणाऱ्या मंडळात बाजूला घेऊन बोलणाऱ्याचे फारसे चालत नाही.

आणि दोष सिद्ध झालाच तर मारहाण नको, बदनामीची पोस्ट नको, त्याच्या बायका-पोरांवर बहिष्कार तर नकोच. त्याच्या हातातली पेटी, किल्ली आणि शिक्के काढून घ्या, ग्रुपचे अ‍ॅडमिनपद काढा. विहाराची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून असेल, तर नव्या पदाधिकाऱ्यांचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. ठराव झाला, टाळ्या वाजल्या आणि अर्ज राहून गेला, तर कागदावर कोषाध्यक्ष तोच जुना माणूस राहतो.