पुस्तक पुण्याचं, हक्क कुणाचा?

माहीत आहे का? जे पुस्तक आज पुण्यातला कुठलाही प्रकाशक छापू शकतो, तेच अमेरिकेत छापलं तर कायदा आडवा येतो! पुस्तक कोणतं? चक्क आपली ‘श्यामची आई’!

हिशेब बघा. तिचे लेखक साने गुरुजी गेले 11 जून 1950 ला. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट, मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून. म्हणजे 2011 उजाडलं आणि श्यामची आई साऱ्यांची आई झाली! अमेरिकेत मात्र प्रकाशनाचं साल 1935, अधिक 95 वर्षं. भारतात हक्क जिवंत असलेल्या जुन्या परदेशी पुस्तकांना तिथे 1996 पासून पुन्हा संरक्षण मिळालं ना! तिथलं कुलूप उघडणार थेट 1 जानेवारी 2031 ला.

ही 60 वर्षं आली कुठून? रवींद्रनाथांमुळे! आधी मुदत होती 50 वर्षं. टागोरांचे हक्क 1991 अखेर संपणार, तेवढ्यात सरकारनं 10 वर्षं वाढवली. साने गुरुजींच्या पुस्तकांनाही बोनस! लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ तर 1971 मध्येच मोकळं झालं होतं.

आणि मेक्सिकोत ही मुदत किती? मृत्यूनंतर 100 वर्षं!

जुन्या पुस्तकाचा मालक शोधताय? मग 1867 चा छापखाना कायदा तुमचा डिटेक्टिव्ह! त्याखालच्या सरकारी यादीत छापखाना, पानं, प्रती, किंमत आणि हक्कदाराचं नाव-पत्तासुद्धा नोंदवायचा नियम होता. संशोधकांसाठी ही खरी लॉटरी.

आणि नोंदणी? भारतात सक्तीची नाहीच! लिहिलं की हक्क तुमचा. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसातली नोंद हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा, पण शेवटचा शब्द नव्हे. ‘हॅपी बर्थडे’ गाण्याचंच घ्या. 1935 च्या अमेरिकन नोंदणीवर वर्षानुवर्षं पैसे वसूल झाले. 2015 मध्ये कोर्ट म्हणालं, ती नोंद पियानोच्या सुरावटीची, शब्दांची नाही! रजिस्टरमध्ये नाव दिसलं म्हणून थांबू नका, नोंद नेमकी कशाची हे वाचा.

आता सगळ्यात झणझणीत! 10 मे 1995 पासून पुढे हक्क लिहून दिले, पण करारात मुदत नाही? कायदा धरतो फक्त 5 वर्षं. प्रदेश लिहिला नाही? फक्त भारत. लेखकांनो, वारसांनो, घरातले तेव्हापासूनचे करार आजच काढा आणि या दोन ओळी आधी तपासा!