बोटाएवढ्या जोराचं बेअरिंग

बेअरिंग म्हटलं की आपल्याला आठवतात पंखा, पाण्याची मोटर, सायकलचं चाक. मी बेअरिंगच्या दुकानात गेलो तो मात्र एका खेळण्यासाठी.

माझ्या मोठ्या भावाला व्हिडिओ पार्लरमधल्या विटा फोडण्याच्या खेळाचा भारी नाद होता. खाली एक फळी, ती डावी-उजवीकडे सरकवायची आणि चेंडू झेलायचा. जपानच्या टायटो कंपनीचा १९८६चा 'आर्कनॉइड' हा या जातीचा प्रसिद्ध खेळ. फळी सरकवायला दांडा नसतो, एक गोल मूठ फिरवावी लागते. तिला 'स्पिनर' म्हणतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर भावाच्या उजव्या हातात जोर कमी राहिला. बोटांना चाळा हवा होता. म्हटलं, घरीच स्पिनर करू आणि संगणकाला जोडू.

त्याची रचना सोपी आहे. मुठीखाली एक दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक खाचा पाडलेली चकती. चकतीच्या एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला तो टिपणारे दोन डोळे. खाचा सरकल्या की उजेड-अंधार मोजला जातो, आणि आधी कुठल्या डोळ्याला उजेड दिसला यावरून दिशा कळते. गोळीवाल्या जुन्या माऊसच्या पोटात हेच असायचं. मी तोच वापरला.

राहिला प्रश्न बेअरिंगचा. दुकानदाराने ६०८ नंबर दिला. भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटिंगच्या चाकांत असतं तेच. 'दोन्ही बाजूंनी रबरी सील, सगळ्यांत चांगलं' म्हणाला. मी दोन घेतली, बसवली आणि भावापुढे ठेवली. त्याने बोटाने मूठ ढकलली. ती जेमतेम हलली आणि थांबली. तो काही बोलला नाही, हात मागे घेतला. ते मला फार लागलं.

चूक बेअरिंगची नव्हती, माझ्या निवडीची होती. हे एवढंसं बेअरिंग सव्वाशे किलोहून अधिक भार पेलतं आणि मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्या कामासाठी त्यात घट्ट ग्रीस भरतात आणि धूळ शिरू नये म्हणून रबरी सील लावतात. सीलची कड आतल्या कडीवर घासत राहते. मोटरला हा विरोध जाणवतही नाही. स्पिनरवर भार मात्र जवळजवळ नसतो. तिथे छर्‍यांपेक्षा ग्रीस आणि रबरच आडवे येतात.

महागातलं घेतलं तर? स्केटिंगच्या बेअरिंगवर 'एबेक' नावाचा आकडा असतो, १ पासून ९ पर्यंत. तो मापं किती काटेकोर आहेत एवढंच सांगतो. ग्रीस कुठलं, सील कसलं, हे त्यात येत नाही. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजून मूठ हलकी फिरेलच असं नाही.

मग तीच बेअरिंगं काढली. सुईच्या टोकाने रबरी सील अलगद उचकटलं, टर्पेंटाइनमध्ये धुऊन ग्रीस काढलं (हे काम अंगणात, विस्तवापासून लांब करावं), वाळवलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. टिचकी मारली तर फिरतच राहिलं!

बसवतानाही दोन गोष्टी शिकलो. एकाच बेअरिंगवर दांडा डुगडुगतो. दोन हवीत, आणि त्यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. ती ठोकून बसवायची नाहीत. आतली कडी ठोकली तर तो मार छर्‍यांवर जातो, धावेत खळगे पडतात आणि मूठ अडखळत फिरते. साधा बोल्ट ८ मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक निघतो, म्हणून लेथवाल्याकडून दांडा मापात करून घेतला.

आता मूठ अगदी हलकी झाली. पण भाऊ म्हणाला, "हात थांबला तरी फळी थांबत नाही रे." खरं होतं. अटारीच्या १९८१च्या 'टेम्पेस्ट'मध्ये मूठ भिरकावून देण्यात मजा असते. विटांच्या खेळात हात थांबला की फळीही थांबायला हवी. म्हणून खालच्या बेअरिंगमध्ये कणभर पातळ ग्रीस परत घातलं. जो विरोध मी काढून टाकला होता, त्यातला थोडा हवाच होता.

दुकानात आपण 'चांगलं कुठलं?' असं विचारतो. आधी विचारायला हवं, 'फिरवणारा हात कुणाचा?' परवा भावाने तिसरी पातळी ओलांडली, उजव्या हाताने.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)